तो एक रकाना: कूलिंग टॉवरच्या पाण्याची गोष्ट

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. तुम्ही हे लोकलमध्ये ऐकत असाल, कंपनीच्या बसमध्ये ऐकत असाल, नाहीतर रात्री भांडी घासताना. कुठेही असा, पुढच्या वेळी एखाद्या मोठ्या मॉलच्या, हॉस्पिटलच्या किंवा एमआयडीसीतल्या कारखान्याच्या मागून गेलात तर जरा वर बघा. गच्चीवर फायबरचे मोठे डबे असतात, त्यांच्यावर पंखा गरगरत असतो, आणि थंडीच्या सकाळी त्यातून पांढरं काहीतरी निघत असतं. मला एकदा रिक्षावाल्याने विचारलं होतं, "साहेब, एवढा धूर सोडतात, कोण काही बोलत कसं नाही?" तो धूर नसतो. ते पाणी असतं. त्याला कूलिंग टॉवर म्हणतात, आणि त्यातल्या पाण्याची तपासणी करणं हे माझं काम आहे.

मी बीएस्सी केमिस्ट्री. पुणे जिल्ह्यातल्या एमआयडीसींमध्ये बाइकवर फिरतो, मागे एक निळी पेटी बांधलेली असते. पेटीत बाटल्या, ब्युरेट, थेंबांचे किट, दोन मीटर. पाहुण्यांकडे लग्नकार्यात कोणी विचारलं "काय करतोस?" तर सांगता सांगता जेवणाची पंगत उठते, इतकं समजावून सांगावं लागतं. म्हणून म्हटलं एकदा निवांत बोलूया. आणि यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगायची आहे.

आधी टॉवर काय करतो ते. आपल्या घरातला माठ घ्या. माठातलं पाणी थंड का होतं? थोडं पाणी मातीतून पाझरून बाहेर येतं, हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. टॉवर म्हणजे तोच माठ, फक्त पंखा आणि पंप लावलेला. चिलर, कॉम्प्रेसर, भट्टी, इंजेक्शन मोल्डिंगची मशीन, जे काही तापतं त्याच्याकडून पाणी उष्णता घेतं, टॉवरवर जातं, वरून खाली शिंपडलं जातं, हवा लागते, थोडं उडतं, उरलेलं थंड होतं आणि परत कामाला जातं. एक लिटर पाणी उडताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता नेतं. त्यामुळे शंभर लिटर पाणी सहा अंशांनी थंड करायला जेमतेम एक लिटर उडवावं लागतं. स्वस्तात मस्त काम आहे.

पण माठाची दुसरी गोष्ट आठवा. जुना माठ बाहेरून बघितलाय? पांढरे डाग असतात, पापुद्रे धरतात. पाणी उडून गेलं, त्यातले क्षार मागे राहिले. क्षार काही हवेत उडत नाहीत. टॉवरमध्येही हेच होतं, फक्त ते रोज होतं आणि प्रचंड प्रमाणात होतं. ५०० टनांचा चिलर पूर्ण लोडवर चालला तर तासाला अडीच-तीन हजार लिटर पाणी नुसतं हवेत जातं. दिवसाचं साठ हजार धरा, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. त्या सहा टँकरमधले सगळे क्षार टॉवरच्या पाण्यातच राहतात.

आमटी गॅसवर ठेवून विसरलात की काय होतं? आटते आणि खारट होते. मीठ कोणी वाढवलेलं नसतं. टॉवरचं पाणी म्हणजे सतत आटत असलेली आमटी. नवीन पाणी घालत राहायचं, त्याला मेकअप म्हणतात. आणि जास्त खारट होऊ नये म्हणून थोडी आमटी सतत काढून टाकायची, त्याला ब्लीड किंवा ब्लोडाऊन म्हणतात. टॉवरचं पाणी मेकअपच्या किती पट आटलंय त्या आकड्याला आमच्यात सीओसी म्हणतात, सायकल्स ऑफ कॉन्सन्ट्रेशन. मेकअपमध्ये ७० आणि टॉवरमध्ये ३५० असेल तर सीओसी ५.

इथे एक हिशोब ऐका, मला तो फार आवडतो. उडणारं पाणी भागिले सीओसी वजा एक, म्हणजे ब्लीड. साठ हजार लिटर उडत असेल आणि सीओसी २ ठेवला तर रोज साठ हजार लिटर गटारात. सीओसी ४ केला की वीस हजार. म्हणजे चाळीस हजार लिटर वाचले, चार टँकर, रोजचे! ६ केला की बारा हजार. आणि १० केला तर साडेसहा हजारांच्या आसपास. बघा, २ वरून ४ ला जाताना चाळीस हजार वाचतात, पण ६ वरून १० ला जाताना फक्त पाच-साडेपाच हजार. आणि त्या पाच हजारांसाठी पाणी दहापट खारं करून बसायचं. काही मॅनेजर मंडळींना १० चा आकडा प्रेझेंटेशनमध्ये दाखवायचा असतो. मी दरवेळी हा हिशोब कागदावर मांडून देतो. कधी पटतं, कधी नाही.

आता खारं झालं तर बिघडतं काय? मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे आपल्याला माहीत आहे. कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. पाणी तापलं की तो बाहेर पडतो. म्हणजे सगळ्या सिस्टिममध्ये जी जागा सगळ्यात गरम, तिथेच तो जाऊन बसतो. आणि सगळ्यात गरम जागा कोणती? जिथून उष्णता काढायची आहे ती, कंडेन्सरची ट्यूब. तांब्याच्या तुलनेत हा थर उष्णता शंभर पटींहून कमी वाहून नेतो. तुमच्या बाथरूममधल्या गीझरची कॉइल कधी बाहेर काढलेली पाहिली असेल तर तुम्हाला कळेल मी कशाबद्दल बोलतोय. फक्त इथे त्या कॉइलच्या जागी शेकडो ट्यूब असतात आणि विजेचं बिल लाखांत असतं.

मग कोणी म्हणेल, अगदी मऊ पाणी वापरा ना, क्षार नसलेलं. तेही धोक्याचं. क्षार कमी असलेलं पाणी भुकेलं असतं, ते लोखंड खातं. म्हणजे एका बाजूला थर, दुसऱ्या बाजूला गंज, आणि मधून चालायचं. पाणी कोणत्या बाजूला झुकतंय हे पीएच, कॅल्शियम, अल्कलिनिटी, तापमान यांवरून काढायचं गणित लँगेलियर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९३६ मध्ये दिलं. आजही आम्ही तेच वापरतो, फक्त आता ते मोबाइलमध्ये आहे.

गंज थांबवायला पूर्वी क्रोमेट टाकायचे. फार उत्तम काम करायचं. पिवळंजर्द पाणी, आणि लोखंड नव्यासारखं. कॅलिफोर्नियात हिंक्ली नावाचं गाव आहे, तिथे गॅसच्या पाइपलाइनच्या एका स्टेशनवर १९५२ ते १९६६ कूलिंग टॉवरमध्ये हेच क्रोमियम वापरलं, आणि टॉवरचं पाणी तळाला अस्तर नसलेल्या तळ्यांमध्ये सोडलं. ते झिरपून गावाच्या विहिरींत गेलं. १९९६ मध्ये कंपनीला ३३ कोटी ३० लाख डॉलर द्यावे लागले. 'एरिन ब्रॉकोविच' सिनेमा पाहिलाय ना, ज्युलिया रॉबर्ट्सचा? तो हाच विषय. सिनेमा पाहून बाहेर येणाऱ्या कितीजणांच्या लक्षात राहिलं असेल की सगळं एका कूलिंग टॉवरपासून सुरू झालं होतं! आता आम्ही फॉस्फोनेट, पॉलिमर, थोडं झिंक असं वापरतो.

बरं, तपासणी. पेटी उघडली की आधी बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची. हे नवीन मुलं विसरतात. मग पीएच, मग कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते, त्यावरून क्षारांचा अंदाज. लोखंड किती विरघळलंय ते. सँपल पिवळा करून त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकत विटकरी रंग येईपर्यंत क्लोराइड. क्लोरीनसाठी एक गोळी टाकायची, पाणी गुलाबी झालं तर क्लोरीन आहे. आणि पाइपमध्ये लोखंडाची, तांब्याची पट्टी वजन करून टांगून ठेवतो. दोन-तीन महिन्यांनी काढून परत वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढं पाण्याने खाल्लं.

पण माझी आवडती टेस्ट हार्डनेसची, म्हणजे पाणी किती जड आहे त्याची. पन्नास मिलि पाणी घ्या, बफर टाका, इंडिकेटरची चिमूट टाका. पाणी पातळ कोकम सरबतासारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीए थेंबाथेंबाने सोडायचं आणि फ्लास्क हलवत राहायचं. लाल, लाल, लाल, मग जरासं जांभळट, आणि मग एका थेंबाला निळं. त्या जांभळटाशी हात थांबवता आला पाहिजे. घाई केली की दोन थेंब जास्त जातात. जितके मिलि गेले त्याला वीसने गुणायचं, झालं तुमचं उत्तर पीपीएममध्ये. ऑपरेटर लोकांसाठी याचंच सोपं किट असतं, त्यात थेंब मोजायचे, आमच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे २० पीपीएम.

हे थेंब लक्षात ठेवा. आता ती गोष्ट.

२०१६ चा उन्हाळा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं, तो उन्हाळा. मला नोकरीत दुसरं वर्ष. एका प्लांटमध्ये मी पंधरा दिवसांनी जायचो, ५०० टनांचा चिलर होता. कोणता, कुठला ते राहू द्या. तिथे युटिलिटीत कॉन्ट्रॅक्टवर एक ऑपरेटर होते, पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मीही मामाच म्हणायचो, ते मला साहेब म्हणायचे. वयाने मी त्यांच्या मुलाएवढा, पण पेटी हातात असली की साहेब.

त्या प्लांटला धरणाचं पाणी यायचं. मेकअपचा हार्डनेस कायम ७०, कधी ६५, कधी ७५. कंडक्टिव्हिटी १६० च्या आसपास. इतकं ठरलेलं की मी पेटी उघडायच्या आधीच आकडा सांगू शकायचो. त्या मेमध्ये पुरवठ्यात कपात झाली आणि प्लांटने टँकर सुरू केले. टँकर कुठून भरतात हे कोणी विचारत नाही. बोअरवरून भरत होते.

मी गेलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि माझी त्या दिवसाची ती चौथी व्हिजिट होती. उन्हाने डोकं ठणकत होतं. टॉवरचं पाणी घेऊन मीटर बुडवला. अपेक्षा होती ८०० ची. मीटर म्हणाला २९००. मी काय विचार केला असेल? मीटर बिघडला. सेल घाण झाला असेल. पुसला, परत बुडवला, परत २९००. माझ्या पेटीत मीटर तपासायचं स्टँडर्ड द्रावण होतं, १४१३ ची बाटली. त्यात मीटर बुडवला की १४१३ दाखवलं पाहिजे. दोन मिनिटांचं काम. मी ती बाटली उघडली नाही. हार्डनेसचा बफरही संपत आला होता आणि पुढे अजून एक प्लांट बाकी होता. मी मागचा रिपोर्ट काढला आणि त्याच्याच आसपासचे आकडे लिहिले. टॉवर, ८१०. मेकअप हार्डनेस, ७०.

मी सही करत असताना मामा म्हणाले, "साहेब, हे टँकरचं पाणी लई जड आहे. यात डाळ शिजायची नाही." मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, "मामा, डाळ कुठे शिजवायचीय आपल्याला?" ते काही बोलले नाहीत. माझी पेटी गेटपर्यंत आणून दिली.

तीन आठवड्यांच्या आत एका दुपारी चिलर हाय प्रेशरवर ट्रिप झाला. परत चालू केला, परत ट्रिप. प्रॉडक्शन बंद. दुसऱ्या दिवशी कंडेन्सरचं झाकण उघडलं तेव्हा मी तिथे उभा होतो. ट्यूबच्या आत पांढरा थर. नखाने खरवडून एक तुकडा काढला, त्यावर ॲसिडचा थेंब टाकला, फसफसलं. कार्बोनेट. निदान ॲसिडने धुता येणारा थर होता. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात सिलिकाही असतो, त्याचा थर बसला असता तर फसफसलाही नसता आणि निघालाही नसता. टँकरचं पाणी तपासलं. ४४०.

मग मीटिंग. मॅनेजरच्या टेबलावर माझा रिपोर्ट, कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट. ते म्हणाले, "व्हिजिटच्या दिवशी मेकअप ७० होता. टॉवर ८१० होता. सगळं नॉर्मल. मग थर आला कुठून? म्हणजे केमिकलचं डोसिंग झालेलं नाही." डोसिंग कोण करतं? मामा. कोणीतरी तर असंही म्हणालं की केमिकलचे कॅन बाहेर विकले असतील. मामा दारापाशी उभे होते. ते म्हणाले, "मी रोज लिहिलंय लॉगबुकात." कोणी लॉगबुक उघडलं नाही. युटिलिटीच्या लॉगबुकात ऑपरेटर मनाने आकडे भरतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं ना. मलाही ठाऊक होतं. मी गप्प बसलो. माझ्या हातात पेन होतं आणि मी ते उघडझाक करत होतो, एवढं आठवतंय.

संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरने मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

मी जाताना लॉगबुक उघडलं. टँकर सुरू झाल्याच्या दिवसापासून मेकअपच्या रकान्यात थेंब लिहिलेले होते. २१. २१. २२. २१. २२. एका दिवशी १९, बहुतेक टँकर दुसऱ्या बोअरचा असणार. शेऱ्याच्या जागी रोज "टँकर पाणी", आणि दोन ठिकाणी "साहेबांना सांगितले". एकवीस गुणिले वीस, चारशे वीस. त्यांनी बरोबर मोजलं होतं. आणि ज्या तारखेला मी ७० लिहिलं, त्याच तारखेला त्यांच्या अक्षरात २२ थेंब लिहिलेले होते.

हे ऐकून तुम्हाला वाटेल मी लगेच जाऊन सांगितलं. नाही. चार दिवस गेले. चौथ्या दिवशी मी माझ्या बॉसना सांगितलं. ते म्हणाले, रिपोर्ट गेलेला आहे, माणूस गेलेला आहे, आता विषय वाढवू नकोस. मी रात्री मेल लिहिला, प्लांटच्या मॅनेजरना, बॉसना कॉपी ठेवून: त्या तारखेचे आकडे मी मोजलेले नव्हते, लॉगबुकातले बरोबर आहेत, पानांचे फोटो जोडले आहेत. वाचून बघितलं, परत वाचलं आणि पाठवला. त्या प्लांटचं कॉन्ट्रॅक्ट आमच्याकडून गेलं. त्या वर्षी माझं इन्क्रिमेंट झालं नाही. नोकरी राहिली, का ते मला आजही नीट कळलेलं नाही.

मॅनेजरनी मामांना परत बोलवायला सांगितलं होतं, असं मला नंतर कळलं. पण तोवर ते एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन म्हणून लागले होते. मी शोधत गेलो. सांगितलं सगळं. ते ऐकत होते, चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मग विचारलं, "तुमची नोकरी राहिली का?" म्हटलं, राहिली. "बरं झालं," म्हणाले. तेवढ्यात गाडी आली, ते गेट उघडायला गेले. मी थोडा वेळ थांबलो आणि निघालो.

हं. पुढे.

हा प्रश्न टँकरपुरता नाही. पाणी कुठून येतंय हे आता सगळीकडे बदलत जाणार. नागपूरचं उदाहरण घ्या. कोराडीच्या वीजकेंद्राला नागपूर शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून दिलं जातं. धरणाचं पाणी लोकांना राहतं, आणि केंद्राचा टॉवर सांडपाण्यावर चालतो. मला ही फार शहाणपणाची गोष्ट वाटते. पण टॉवरवाल्याचं काम अवघड होतं. सांडपाण्यात अमोनिया उरलेला असेल तर तो तुमचं क्लोरीन खाऊन टाकतो आणि तांब्या-पितळेच्या ट्यूबलाही लागतो. फॉस्फेट असेल तर शेवाळाला खाऊ मिळतो आणि कॅल्शियमबरोबर त्याचा वेगळाच थर बसतो. २०१५ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने वीजकेंद्रांच्या पाण्यावर मर्यादाही घातली, कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना एका मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर. म्हणजे पाणी कमी घ्यायचं, जास्त आटवायचं आणि तरी थर येऊ द्यायचा नाही. अशा वेळी "कायम ७० असतो" म्हणणाऱ्या माणसाचं काय होणार, ते मी सांगितलंच.

आणि आतापर्यंत आपण मशीनबद्दल बोललो. चिलर बंद पडला तर पैसे जातात. पण टॉवरमधल्या पाण्यामुळे माणसं गेली आहेत, आणि तीही टॉवर कुठे आहे हे माहीत नसलेली.

१९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अमेरिकन लिजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन होतं. घरी गेल्यावर लोक न्यूमोनियाने आजारी पडायला लागले. ३४ जण गेले. काय झालंय हेच कळेना, विष म्हणाले, कट म्हणाले. जोसेफ मॅकडेड नावाच्या संशोधकाला जानेवारी १९७७ मध्ये त्यामागचा जिवाणू सापडला. लिजनच्या लोकांना झाला म्हणून त्याचं नाव लिजनेला. त्याला कोमट पाणी आवडतं, २० ते ४५ अंश. आपल्या टॉवरचं पाणी किती असतं? तीस-पस्तीस. वर गाळ, शेवाळ, बुळबुळीत थर असेल तर त्याच्यासाठी पंचतारांकित हॉटेलच. टॉवरचा पंखा बारीक तुषार बाहेर फेकतो, रस्त्यावरून जाणारा माणूस श्वास घेतो, बस.

२०१५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये हेच झालं. १३८ जण आजारी पडले, १६ जण वारले. शोध घेत गेले तर एका हॉटेलचा कूलिंग टॉवर निघाला. त्यातले कितीतरी लोक त्या हॉटेलात कधी गेलेही नव्हते, नुसते त्या भागात राहत होते. शहराने त्याच ऑगस्टमध्ये कायदा करून प्रत्येक टॉवरची नोंदणी आणि ठरावीक काळाने तपासणी सक्तीची केली.

म्हणून ती गुलाबी गोळी. क्लोरीन आहे की नाही ते रोज बघायचं. महिन्यातून एकदा डिप स्लाइड बुडवायची, ही एक छोटी पट्टी असते, ४८ तास उबेत ठेवली की जिवाणूंचे लाल ठिपके उमटतात. ते ठिपके लिजनेला आहे की नाही हे सांगत नाहीत बरं का, ती टेस्ट लॅबमध्ये वेगळी करावी लागते आणि तिला दहा दिवस लागू शकतात. ठिपके एवढंच सांगतात की घर कोणाला तरी राहायला योग्य झालंय. आणि टॉवरच्या तोंडाशी ड्रिफ्ट एलिमिनेटर नावाच्या जाळ्या असतात, तुषार अडवायला. त्या तुटल्या तर महिनोन्महिने कोणी बदलत नाही, कारण त्या नसल्या तरी चिलर झकास चालतो. माझ्या इतक्या वर्षांत लिजनेलाची टेस्ट स्वतःहून मागणारे ग्राहक मला दोनच भेटले. त्यातलं एक हॉस्पिटल होतं.

या कामात येऊ बघणारी मुलं मला मेसेज करतात, काय शिकू म्हणून. केमिस्ट्री तुम्हाला येतेच. एक गोष्ट जिवावरची आहे ती आधी सांगतो: हायपोच्या, म्हणजे क्लोरीनच्या कॅनमध्ये ॲसिड कधीही जाऊ द्यायचं नाही, उरलेलं असं म्हणून एकात एक ओतायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो आणि डोसिंगची खोली छोटी असते. कॅन सारखेच दिसतात. लेबल वाचा, लेबल नसेल तर हात लावू नका.

बाकी, मी आता प्लांटवर गेलो की पेटी उघडायच्या आधी लॉगबुक मागतो, आणि आकड्यांच्या आधी शेऱ्याचा रकाना वाचतो. सलग महिनाभर एकच आकडा दिसला, ७.८, ७.८, ७.८, तर ऑपरेटरला रागावत नाही. विचारतो, किट संपलंय का? दहातल्या सात वेळा संपलेलं असतं. तीन महिन्यांपूर्वी मागितलेलं असतं आणि खरेदी विभागाने पाठवलेलं नसतं. मग तो काय करणार, रकाना रिकामा ठेवला तर ऑडिटमध्ये बोलणी खाणार. मी आता पेटीत दोन जास्तीची किट ठेवतो. रिपोर्टमध्ये "मोजले नाही" असंही लिहितो, तसं घडलं तर. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा आमच्या ऑफिसमधून फोन आला होता, असं कसं लिहिलंस म्हणून. आता येत नाही.

आणि १४१३ ची बाटली दर सोमवारी.

तुमच्याकडे बोअरचं पाणी येत असेल तर एक करून बघा. जुन्या पातेल्यात किंवा बादलीत जो पांढरा थर बसलेला असतो, तो वाळल्यावर त्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका आणि कान लावून ऐका. फसफसला तर मला कळवा, कोणत्या गावचं पाणी आहे तेही लिहा. आणि आईला विचारा, या पाण्यात डाळ शिजते का. पुढच्या भागात बॉयलरबद्दल बोलू, तिथे पाण्याचे नखरे याहून जास्त आहेत. चला, भेटू.